पिन ठेवा बाजूला

श्रोतेहो, घरचं इंटरनेट बंद पडलं की कृपा करून सेफ्टी पिन शोधायला धावू नका.

राउटरच्या मागे एक बारीक भोक असतं. त्यात दहाएक सेकंद पिन दाबून धरली की राउटर सगळं विसरतो. तुमचा वाय-फायचा पासवर्ड तर जातोच, पण जोडणीच्या दिवशी कंपनीच्या माणसाने आत भरलेलं युजरनेमही बऱ्याचदा पुसलं जातं. मग बाहेरची लाइन सुरळीत झाली, तरी तुमच्याकडे अंधारच.

फोनवर रेंज फुल्ल दिसते म्हणून लोक म्हणतात, ‘वाय-फाय तर आहे!’ अहो, तो घरातला नळ झाला. नळ चकचकीत आहे म्हणून टाकीत पाणी असतंच असं नाही. पाणी कुठवर आलंय ते दिवे सांगतात. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा दिवा लाल असेल, तर पाणी वाटेतच अडलंय, घरात काहीही दाबा, यायचं नाही. फार तर डब्यात येणारी ती बारीक, बहुतेक पिवळी वायर बघा. तिच्यातला काचेचा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. कपाट भिंतीला रेटलं आणि वायर दुमडली की संपलं. टोक काढून डोळ्याला मात्र लावू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला घातक असतो.

त्याच डब्यावर ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा आणि ‘इंटरनेट’चा दिवा लाल? मग पाणी सोसायटीच्या दारात आलंय, वॉल्व्ह बंद आहे. पुष्कळदा प्लॅनची मुदत संपलेली असते, तेवढंच! आणि आपण काय करतो? पिन खुपसतो. म्हणजे वॉल्व्हची किल्लीच विहिरीत!

राउटरचा स्विच बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं वेगळं, ते खुशाल करा. पण नंतर दोन-तीन मिनिटं थांबा हो! दिवे लुकलुकत असतानाच पुन्हा बंद करणारे महाभाग मी पाहिलेत.

स्टुडिओच्या काचेपलीकडून मला वेळ संपल्याची खूण होते आहे. 5 गीगाहर्ट्झवालं वाय-फाय हॉलमध्ये पळतं आणि दोन भिंतींपलीकडे का दमतं, ते राहिलंच. जाता जाता एवढंच: तक्रार नोंदवताना नुसतं ‘नेट नाही’ म्हणू नका. कोणता दिवा लाल आहे, तेही सांगा.