स्फटिकाच्या अंगावरील खुणा

मदन महालाचा किल्ला ज्या ग्रॅनाइटवर उभा आहे, त्या खडकात स्फटिक, म्हणजेच गारगोटीचे द्रव्य, विपुल आहे. परंतु त्याच्या कणांना रेखीव पैलू सहसा नसतात. शिलारस थिजताना फेल्डस्पार व अभ्रक यांनी बहुतेक जागा आधीच व्यापली आणि उरलेल्या सांदीफटींत स्फटिकाला दाटीवाटीने बसावे लागले. जळगाव-अजिंठा परिसरातील बेसॉल्टच्या पोकळ्यांत हेच द्रव्य मोकळेपणी वाढले आणि षट्कोनी झाले. तो स्फटिक लहान असो वा मोठा, त्याच्या दांड्याच्या लगतच्या दोन पैलूंमधील कोन १२० अंशांचाच असतो. कोनांची ही स्थिरता निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये नोंदवली.

जाणते संग्राहक नितळपणापेक्षा खुणा शोधतात. वाढ खंडली, पृष्ठावर दुसऱ्या खनिजाची धूळ बसली आणि वाढ पुन्हा सुरू झाली, की स्फटिकाच्या पोटात त्याचेच बालरूप अंधुक दिसते. कोठे मूळ द्रावाचा थेंब कोंडला जातो आणि स्फटिक कलता करताच त्यातील बुडबुडा सरकतो.

घासून चकचकीत केल्यास दांड्यावरील नैसर्गिक आडव्या रेघा पुसल्या जातात. जांभळा अमेथिस्ट तापवून पिवळा केल्यास मूळ रंगही जातो. म्हणून शाळेच्या संग्रहासाठी मुले स्फटिक आणतील, तेव्हा पालकांनी तो घासू देऊ नये, टेकडीवरचा खडकही फोडू देऊ नये. सापडल्याचे ठिकाण व तारीख लिहिलेली चिठ्ठी मात्र अवश्य जोडावी. ती हरवली, तर उरतो केवळ एक सुंदर दगड.