वैमानिक आणि गुरू : ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांचे स्मरण

(परभणी येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



१० ऑगस्ट २०२५ रोजी पुणे येथे ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर यांचे निधन झाले. वृत्तपत्रांनी त्यांची आठवण काढली ती शत्रूच्या कैदेतून केलेल्या धाडसी पलायनाचे नायक म्हणून. ते योग्यच होते. परंतु वायुसेना पदक आणि विशिष्ट सेवा पदक या दोन सन्मानांनी भूषविलेल्या या वैमानिकाच्या सेवाकाळाचा मोठा भाग तरुणांना घडविण्यात गेला, याची नोंद त्या मानाने कमी झाली. ज्या सभेत शिक्षकांची संख्या मोठी आहे, त्या सभेत ही दुसरी बाजूही मांडणे उचित होईल.

परुळकर मार्च १९६३ मध्ये भारतीय वायुसेनेत अधिकारी म्हणून दाखल झाले. अवघ्या अडीच वर्षांत, १९६५ च्या युद्धात, त्यांची कसोटी लागली. शत्रूच्या माऱ्यात त्यांचे विमान निकामी होण्याच्या बेतास आले आणि त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. विमान सोडून हवाई छत्रीने उतरावे, असा सल्ला तुकडीच्या नायकाने दिला. तथापि जखमी अवस्थेत त्यांनी ते विमान तळावर सुखरूप परत आणले.

१९७१ च्या युद्धात दैव वेगळे निघाले. १० डिसेंबर रोजी त्यांचे सुखोई-७ विमान पाकिस्तानच्या हद्दीत पाडले गेले आणि ते युद्धकैदी झाले. रावळपिंडी येथील छावणीत त्यांच्यासह बारा भारतीय वैमानिक होते. विंग कमांडर कोएल्हो हे त्यांतील ज्येष्ठ अधिकारी. १७ डिसेंबरला युद्ध थांबले, २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला, तरी कैद्यांच्या परतीचा प्रश्न लोंबकळतच राहिला. परुळकरांनी मात्र वाट पाहण्याचे नाकारले. फ्लाइट लेफ्टनंट मालविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे दोघे सहकारी त्यांच्याबरोबर निघण्यास सिद्ध झाले.

या पलायनाची हकिगत सांगताना श्रोते सामान्यतः त्या एका रात्रीत रमतात. शिक्षकांनी लक्ष द्यावे ते तिच्या आधीच्या महिन्यांकडे. आरंभीचे प्रयत्न फसले. मग कोठडीच्या भिंतीतील विटांभोवतीचा चुना साध्या अवजारांनी रात्रीमागून रात्री खरवडला गेला. निघालेला चुरा पहारेकऱ्यांच्या नजरेस पडू नये म्हणून जपावे लागले. शाळेत वापरतात तसल्या नकाशा-पुस्तकावरून मार्ग आखला गेला. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र तयार झाले. स्थानिक लोकांत मिसळता यावे म्हणून पठाणी पेहरावाची जुळवाजुळव झाली. विज्ञानाच्या तासाला आपण जो चुंबकसुईचा प्रयोग करून घेतो, त्याचा उपयोग कोठे होईल हे कोणा शिक्षकाला आधी सांगता येईल?

आणखी एक गोष्ट. पळणारे तिघे होते. पण गुपित राखणारे आणि मदत करणारे सहकारी मागे राहणार होते. सकाळी त्यांच्यावर काय प्रसंग येईल याची त्यांना कल्पना होती. पुढे घडलेही तसेच. त्यांच्यावरील बंधने कडक झाली आणि सर्वांना लायलपूरच्या तुरुंगात हलविण्यात आले. या धाडसाचे श्रेय विभागून द्यावयाचे झाल्यास मागे राहिलेल्यांचा वाटा लहान ठरणार नाही.

१२ ऑगस्ट १९७२ च्या वादळी रात्री तिघे बाहेर पडले. बसने त्यांनी पेशावर गाठले. तेथून जमरूदमार्गे, खैबर खिंडीच्या वाटेने, ते लंडीकोतलला पोहोचले. अफगाणिस्तानची सीमा आता अवघी चार मैलांवर होती. तेथे त्यांनी लंडीखाना या रेल्वे स्थानकाकडे जाण्याची चौकशी केली. मात्र ते स्थानक १९३२ सालीच बंद झालेले होते. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्थानकाला जावयास निघालेली ही परकी माणसे कोण, असा संशय तहसील कचेरीतील एका कारकुनास आला. त्या काळी अडकून पडलेले बंगाली लोक याच मार्गाने देश सोडून जात. हेही तसेच असावेत, असा त्याचा तर्क. एवढ्या तयारीनंतर डाव उधळला तो एका शिळ्या माहितीने.

पकडले गेल्यावर प्राणांवर बेतण्याचा संभव होता. आपण पाकिस्तानी हवाई दलातील ख्रिश्चन कर्मचारी आहोत, अशी बतावणी तिघांनी प्रथम केली. मग पाकिस्तानी हवाई दलातील स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांच्याशी बोलू द्यावे, असा आग्रह परुळकरांनी धरला. हे उस्मान हमीद पूर्वी रावळपिंडीच्या छावणीचे प्रमुख होते आणि कैद्यांशी ते सौजन्याने वागले होते. त्यांनी दूरध्वनीवरून शब्द टाकला आणि तिघांचे प्राण वाचले. शत्रुपक्षातील एका अधिकाऱ्याचे हे ऋण येथे नमूद करणे अगत्याचे आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार पलायनाच्या प्रयत्नाबद्दल कैद्याला जास्तीत जास्त तीस दिवसांची शिस्तभंगाची शिक्षा देता येते. तीस दिवसांची एकांत कोठडी तिघांनी भोगली. १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवरून सर्व वैमानिक मायदेशी परतले.

त्यानंतरचे परुळकर हे शिक्षक परुळकर होत. वायुसेना अकादमीत त्यांनी उड्डाण-प्रशिक्षकाचे काम केले आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दोन वेळा प्रशिक्षक-अधिकारी म्हणून सेवा बजावली. उड्डाण-प्रशिक्षकाचे काम कसे असते, हे थोडे समजून घेण्याजोगे आहे. शिकाऊ विमानात दोन आसने असतात आणि दोहोंकडे विमान चालविण्याची साधने असतात. शिष्याची चूक होताच गुरू विमान आपल्या हाती घेऊ शकतो. पण प्रत्येक वेळी त्याने तसे केले तर शिष्य कधीच शिकणार नाही, आणि वेळेवर न घेतले तर दोघांच्याही जिवाला धोका. हा विवेक कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. शेवटी एके दिवशी गुरू विमानातून उतरतो आणि शिष्य प्रथमच एकटा आकाशात जातो. ज्याने स्वतः जखमी हातांनी विमान उतरविले, ज्याने अपयश आणि बंदिवास अनुभवला, त्याच्या शिकवणीला वेगळे वजन असणार, हे सांगावयास नको.

आता प्रश्न आपल्या जिल्ह्याचा. जिंतूर, सेलू, पाथरी वा पालम तालुक्यातील खेड्यातून आकाशाकडे पाहणाऱ्या मुलाला ही वाट ठाऊक असते काय? राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची प्रवेश परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो. वायुसेनेसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय आवश्यक असतात. म्हणजे दहावीनंतर विषय निवडताना चूक झाली, तर ही वाट तेथेच बंद होते. प्रबोधिनीतील तीन वर्षांनंतर वायुसेनेचे छात्र हैदराबादजवळील दुंडीगल येथे उड्डाणाचे पुढील शिक्षण घेतात. महाराष्ट्र शासनाने याच परीक्षेच्या तयारीसाठी मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगर येथे, १९७७ साली सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था सुरू केली. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिक येथे सुरू झाली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींना प्रवेश मिळू लागला आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडली.

ही माहिती मुलांपर्यंत वेळेवर आणि अचूक जाणे, हे शाळा आणि ग्रामपंचायत यांचे सामायिक काम आहे. सूचना-फलकावर मागील वर्षीची जाहिरात लटकत असेल, किंवा मुदत उलटल्यावर परिपत्रक वाचले जात असेल, तर लंडीखान्याचीच पुनरावृत्ती होते; मुलाची सारी मेहनत शिळ्या माहितीपायी वाया जाते. नववी-दहावीच्या वर्गातील गणितात गती असलेली मुले-मुली हेरावीत, त्यांची दृष्टी वेळीच तपासून घ्यावी, पालकांना एकदा शाळेत बोलवावे, आणि सैन्यातून निवृत्त होऊन गावी आलेल्या माणसाला त्यांच्यासमोर बोलण्याची विनंती करावी. यासाठी फारसा खर्च येत नाही. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय वाढवला तरी पुरे.

परुळकरांचे स्मारक कोठे व्हावे, याची चर्चा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपल्या जिल्ह्यातील शाळांनी त्यांची हकिगत मुलांना संपूर्ण सांगावी. महिनोन्‌महिने चाललेल्या तयारीसह, मागे राहिलेल्या सोबत्यांसह आणि सीमेच्या चार मैल अलीकडे आलेल्या त्या अपयशासह. त्या अपयशानंतरही त्यांनी पुन्हा गणवेश चढविला आणि ते पुढच्या पिढीला शिकवावयास उभे राहिले, हेही मुलांना कळले पाहिजे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.