अंदाज नको, टेप हवी



मी सातवी शिकलेली, घरसंसार करणारी बाई. व्याख्यान काही मला येत नाही. म्हणून रोज हाताशी असणारी वस्तू घेऊनच उभी राहिले आहे. ही शिवणाची टेप, दीड मीटर लांबीची.

माझे माहेर लातूरचे, सासर नांदेडचे. दोन्हीकडच्या जुन्या बायका वीत, हात आणि वार यांनी मोजत. मीटरचा कायदा १९५६ साली झाला, तरी आपल्या तोंडी ‘नऊवारी’ आहेच. वार म्हणजे सुमारे ९१ सेंटीमीटर. भाव मीटरचा देऊन माप वाराचे घेतले, तर दहा मीटरमागे एका पोलक्याचे कापड गेले! म्हणून आणलेले कापड घरी मोजून पाहावे. कपाट घेण्यापूर्वी दार मोजावे. कापडी टेप वापरून ताणते. ती मुलांच्या फूटपट्टीशी अधूनमधून ताडून पाहावी.

पण टेपचे खरे मोल मला अंगणवाडीत कळले. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून मोजतात. १२.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर मूल कुपोषित. ११.५ पेक्षा कमी भरला तर जिवाला धोका. लगेच दवाखाना गाठावा.

माझ्या जावेची नात दीड वर्षाची. “आमच्यात सगळे काटकुळेच,” असे घरची वडील माणसे म्हणत. ताईंनी दंड मोजला, तो १२ भरला. डॉक्टरांना दाखवले, खाणे वाढवले, माप चालू ठेवले. तीन महिन्यांनी तो १२.८ झाला. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना लेकरू वाळलेले दिसत नाही, टेपला दिसते. शिवाय ती मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही.

आता हसू नका, स्वतःलाही मोजा. बाईची कंबर ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल, तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. घरच्या सगळ्यांची मापे आपण घेतो, आपले तेवढे राहून जाते.

घरोघरी एक टेप असावी आणि ती नुसती शिवणाच्या डब्यात पडून राहू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.