सैन्य समुद्रापार नेतांना



लढाईचा इतिहास आपण बहुधा रणांगणापासून वाचूं लागतों. अमुक सैन्य अमुक किनाऱ्यावर उतरलें, असें एक वाक्य येतें आणि लगेच तोफा सुरू होतात. तें सैन्य तेथें आलें कसें, वाटेंत निजलें कोठें, उतरलें तेव्हां त्याच्या अंगांत त्राण किती उरलें होतें, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. या वगळलेल्या प्रकरणाकडे आज आपलें लक्ष वेधावयाचें आहे. उदाहरण घेतों तें आपल्या मुंबई बंदराचें.

१९१४ च्या ऑक्टोबरांत पहिलें महायुद्ध सुरू होऊन अडीच महिने होत आले होते. ‘एम्डेन’ ही जर्मन क्रूझर हिंदी महासागरांत मोकाट फिरत होती. २२ सप्टेंबरला तिनें मद्रासवर गोळे टाकून तेथील तेलाच्या टाक्या पेटविल्या होत्या. अशा वेळीं सैनिकांनीं भरलेलें जहाज एकटें सोडणें म्हणजे लांडग्यापुढें मेंढरूं सोडणेंच होय. म्हणून जहाजांचा ताफा करावयाचा, सोबत युद्धनौका द्यावयाच्या आणि सर्वांत मंद जहाजाच्या गतीनें सर्वांनीं चालावयाचें, अशी रीत पडली. या रीतीनें संरक्षण मिळतें. पण त्याचें मोल दिवसांनीं मोजावें लागतें, आणि ते दिवस सैनिकाच्या अंगावरून जातात.

१६ ऑक्टोबरला मुंबईहून जीं जहाजें निघालीं, त्यांत दोन निरनिराळ्या मोहिमांच्या फौजा होत्या. एक जनरल एटकेन यांची, सुमारें आठ हजारांची. ती पूर्व आफ्रिकेला जावयाची होती. दुसरी ब्रिगेडियर-जनरल डेलामेन यांची. ती इराणच्या आखाताकडे वळावयाची होती. या दुसऱ्या फौजेंत ११७ वी मराठा पलटण होती.

एटकेन यांच्या फौजेंतील कांहीं पलटणी ताफा निघण्यापूर्वींच कित्येक दिवस जहाजांवर चढून बसल्या होत्या. माल वाहणाऱ्या जहाजाच्या पोटांत माणसें राहतात, तेव्हां वारा कमी आणि उष्मा फार. ज्यांनीं जन्मांत समुद्र पाहिला नव्हता, त्यांना बोट लागून अन्न जाईना. कवाईत करावयास जागा नाहीं. शिवाय या पलटणी ठिकठिकाणांहून गोळा केलेल्या. एकमेकींशीं त्यांचा परिचयहि नव्हता.

२ नोव्हेंबरला हा ताफा आजच्या टांझानियांतील टांगा या बंदरासमोर आला. आधीं एक युद्धनौका पुढें गेली आणि तिच्या कप्तानानें शहराच्या बाबतींत पूर्वीं झालेला तह आतां संपल्याचें जर्मन अधिकाऱ्यांना कळविलें. शत्रु सावध झाला. जर्मन सेनापति फॉन लेट्टोव-फोर्बेक यानें आपल्या तुकड्या आगगाडीनें टांग्याकडे आणण्यास सुरुवात केली. इकडे सैन्य उतरलें तें रात्रीं, शहरापासून दूर, झाडीनें भरलेल्या किनाऱ्यावर. त्या रात्रीं उतरलेल्या पलटणींना सकाळींच चढाईवर धाडण्यांत आलें, आणि त्यांना मागें हटावें लागलें. ४ तारखेस मुख्य लढाई झाली. शत्रूचें संख्याबळ हजाराच्या आसपास असतांहि आठ हजारांच्या फौजेचा पराभव झाला. ५ तारखेस ती फौज पुन्हां जहाजांवर चढली. मशीनगन आणि सुमारें सहा लाख काडतुसें मागें किनाऱ्यावरच राहिलीं.

दुसरी फौज बहारीनजवळ थांबून पुढें गेली. ६ नोव्हेंबरला शत-अल-अरब नदीच्या मुखाशीं फाव येथें आधीं युद्धनौकेनें तुर्कांच्या तोफा बंद पाडल्या, मग सुमारें सहाशें माणसें उतरलीं. उरलेली फौज नदींतून वर नेऊन सावकाश उतरविली. मागून आणखी सैन्य येऊन मिळालें, आणि त्याच महिन्यांत बसरा हातीं आलें. फाव येथील तुर्कांचा प्रतिकार दुबळा होता, हें येथें मान्य केलें पाहिजे. तरी आधीं पाय रोवण्यास जागा मिळविणें व मग लढणें हा क्रम येथें पाळला गेला, टांगा येथें तो मोडला गेला, हा भेद नजरेआड करतां येत नाहीं.

पण जें शहाणपण उतरतांना दिसलें, तें पुढें टिकलें नाहीं. बसऱ्यास मोठ्या जहाजांना लागण्याजोगे धक्के नव्हते. तेथून पुढचा मार्ग नदीचा, आणि नदींत चालणाऱ्या आगबोटी अपुऱ्या. मुंबईहून सैन्य बसऱ्यापर्यंत येई आणि तेथें अडकून पडे. जखमींचे तर अपार हाल झाले. पुणें डिव्हिजन कूत येथें वेढली गेली. तिच्या मदतीस निघालेल्या सैन्याला माणसें व सामुग्री वेळेवर पुढें नेतां येईना. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें तेरा हजार लोक शत्रूच्या स्वाधीन झाले. त्यांत ती ११७ वी मराठा पलटणहि होती. पुढें चौकशीसाठीं कमिशन नेमलें गेलें. त्याचा अहवाल १९१७ मध्यें प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला. राजीनाम्यानें पद रिकामें झालें. कैदेंत व वाटेवर ज्यांनीं प्राण सोडले, त्यांचीं घरें मात्र तशींच रिकामीं राहिलीं.

यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावयाची. बंदरांतून जहाज सुटलें म्हणजे धाडणाऱ्याचें काम संपत नाहीं. सैनिक लढण्याच्या स्थितींत किनाऱ्यावर पोंचला पाहिजे, तेथून पुढें जाण्यास साधन पाहिजे, आणि जखमी झाल्यास परतण्याची सोयहि पाहिजे. या तिहींचा हिशेब ज्यानें आधीं केला नाहीं, त्यानें सैन्य पाठविलें असें म्हणवत नाहीं. त्यानें माणसें केवळ रवाना केलीं.

शेवटीं ज्यांच्या हातांवर हा सर्व प्रवास चालतो, त्यांना विसरून चालणार नाहीं. बंदुकीशिवाय युद्धांत उतरलेले हे खलाशी आणि भट्टीवाले. त्यांत आपल्या कोंकणचेहि पुष्कळ. मुंबईंत मशीद बंदर भागांतील खलाशांच्या वसतिगृहांत पहिल्या महायुद्धांतील अशा दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचीं नांवें धातूच्या पाट्यांवर कोरलेलीं आहेत. समुद्राखेरीज त्यांना दुसरी समाधि नाहीं. आपल्यापैकीं ज्यांना सवड होईल त्यांनीं एकदां तीं नांवें वाचावीं, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.