औषधदान आणि इन्सुलिनची कुपी



आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दाने श्रावकाच्या आचारात सांगितली आहेत. त्यांपैकी औषधदानाचा आजच्या काळात कसा अर्थ लावावा, हा या विवेचनाचा विषय आहे. औषधे असंख्य आहेत. म्हणून उदाहरणादाखल एकच घेतले आहे, ते म्हणजे मधुमेहावरील इन्सुलिन. मधुमेहाचा स्पर्श नाही असे घर आज विरळाच.

इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे लागला. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला त्याचे पहिले इंजेक्शन मिळाले. बेस्ट, कॉलिप आणि बँटिंग या संशोधकांपुढे अपार धनप्राप्तीची संधी उभी होती. परंतु १९२३ मध्ये पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी अवघ्या एका डॉलरच्या मोबदल्यात देण्यात आले. बँटिंग यांनी तर सुरुवातीला पेटंटवर आपले नाव घालण्यास नकार दिला होता. बाजारपेठेच्या हिशेबात हा सौदा वेडेपणाचाच ठरेल. अपरिग्रहाच्या हिशेबात तो फार मोठा आहे.

जैन कुटुंबांपुढे मात्र या औषधाने दीर्घकाळ एक धर्मसंकट उभे केले होते. पूर्वी इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढले जाई. १९८२ मध्ये जैवतंत्रज्ञानाने जिवाणूंकरवी बनविलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. भारतात २००३ मध्ये वोकहार्ट आणि २००४ मध्ये बायोकॉन या कंपन्यांनी अशा प्रकारचे स्वदेशी इन्सुलिन बाजारात आणले. सूक्ष्म जीवांविषयीचा प्रश्न विद्वज्जनांवर सोपवू; पंचेंद्रिय पशूंच्या स्वादुपिंडाची गरज त्यामुळे उरली नाही, हे निश्चित.

आता किमतीकडे वळू. एका डॉलरला दिलेल्या त्या शोधाचे पुढे अमेरिकेत काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. तेथे १९९६ मध्ये 'ह्युमॅलॉग' या सुधारित इन्सुलिनची कुपी सुमारे २१ डॉलरला मिळत असे. २०१९ पर्यंत तिची छापील किंमत सुमारे २७५ डॉलर झाली. औषध तेच, कुपीही तीच. उत्पादक आणि विमा कंपनी यांच्यामध्ये तेथे मध्यस्थ संस्था असतात. विमा कंपनीच्या यादीत औषधाला स्थान मिळावे म्हणून उत्पादक या मध्यस्थांना मोठी सूट देतो, आणि सूट मोठी दिसण्यासाठी छापील किंमत चढवावी लागते. सेलमध्ये आधी भाव वाढवून मग 'भव्य सवलत' लावणारे दुकान पाहिलेल्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. यात भरडला जातो तो विमा नसलेला रुग्ण, कारण सूट मध्यस्थाकडे जाते आणि छापील किंमत त्याच्या माथी येते. विमा असलेल्यांनाही आपला हिस्सा पुष्कळदा छापील किमतीवरच भरावा लागे. अखेर २०२२ च्या कायद्याने वृद्धांच्या सरकारी विमा योजनेत, म्हणजे मेडिकेअरमध्ये, २०२३ पासून इन्सुलिनचा दरमहा भार ३५ डॉलरवर मर्यादित केला. त्याच वर्षी ह्युमॅलॉगच्या उत्पादक कंपनीने किंमत ७० टक्क्यांनी उतरविली. एका फटक्यात इतकी उतरू शकणारी किंमत उत्पादनखर्चामुळे चढली नव्हती, हे उघड आहे.

आपल्या देशातील दुखणे निराळे आहे. येथे २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार आवश्यक औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय प्राधिकरण ठरविते. बाजारात एक टक्का वा अधिक वाटा असलेल्या उत्पादकांचे किरकोळ विक्रेत्याला पडणारे भाव घेऊन त्यांची सरासरी काढतात आणि तीवर विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळवितात. मानवी इन्सुलिन या यादीत आहे. २०२२ मध्ये ग्लार्जिन हे दीर्घकाळ कार्य करणारे इन्सुलिनही तीत आले. त्यामुळे ४०० युनिटची मानवी इन्सुलिनची कुपी दीडशे-पावणेदोनशे रुपयांच्या घरात मिळते. जगाच्या तुलनेत हा भाव न्याय्यच म्हणावा लागेल.

परंतु हे पैसे भरतो कोण? जवळजवळ सर्वस्वी रुग्णच. आपल्याकडील आरोग्य विमा मुख्यतः इस्पितळातील मुक्कामाचा विमा आहे. किमान चोवीस तास दाखल व्हावे लागते. काही ठरावीक उपचार तेवढे अपवाद. त्या मुक्कामातील इन्सुलिन बिलात धरले जाते, तसेच सामान्यतः दाखल होण्यापूर्वीच्या ३० व नंतरच्या ६० दिवसांतील त्याच आजाराची औषधेही. त्यानंतर रोज घरी टोचून घ्यावयाच्या इंजेक्शनशी बहुतेक पॉलिसींचा संबंध उरत नाही. बाह्यरुग्ण खर्च देणाऱ्या पॉलिसी आहेत, पण त्यांचा हप्ता अधिक आणि मर्यादा तोकडी. शासकीय योजनांचा भरही इस्पितळातील उपचारांवरच आहे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी रद्द झाला, हे स्वागतार्ह आहे; मात्र त्यामुळे रोजचे इन्सुलिन पॉलिसीत आलेले नाही.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. रोज ४० युनिट लागणाऱ्या रुग्णाला महिन्याला १२०० युनिट, म्हणजे तीन कुप्या लागतात. हे झाले सुमारे पाचशे रुपये. सिरिंज आणि साखर तपासण्याच्या पट्ट्या वेगळ्या. पेनमधील सुधारित इन्सुलिन असेल तर खर्च कित्येक पटींनी वाढतो. ते सर्वांनाच आवश्यक असते असे नाही. त्याविषयी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे, स्वतः बदल करू नये.

हा खर्च आयुष्यभराचा आहे. तुटपुंज्या उत्पन्नाच्या घरात महिनाअखेरीस मात्रा कमी केली जाते, एखादा दिवस चुकविला जातो, आणि घरातील माणसांनाही ते कळत नाही. पुढे मूत्रपिंड, डोळे वा पाय यांवर घाला येतो. मग मात्र रुग्ण दाखल होतो, विमा कंपनी दावा मंजूर करते आणि धर्मादाय संस्थाही धनादेश देतात.

येथेच ट्रस्टने विचार करावा असा मुद्दा आहे. वैद्यकीय साहाय्याची रूढ पद्धत इस्पितळाच्या अंदाजपत्रकावर चालते : अर्ज, अंदाजपत्रक, धनादेश. महिन्याला तीन कुप्या घेणाऱ्याजवळ कसले अंदाजपत्रक असणार? त्याच्यासाठी वेगळी तरतूद हवी. वीस रुग्णांना दरमहा पाचशे रुपये धरले तरी वर्षाला एक लाख वीस हजार रुपये होतात. एका मोठ्या शस्त्रक्रियेच्या बिलाशी ही रक्कम ताडून पाहावी.

व्यवस्था अवघड नाही. गावातील एका औषध विक्रेत्याकडे ट्रस्टचे खाते असावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याने कुपी द्यावी आणि महिनाअखेर बिल पाठवावे. लाभार्थींची नावे कोठेही छापू नयेत, स्मरणिकेतही नाही. मध्यमवर्गीय घर हात पसरण्यापेक्षा मात्रा कमी करणे पसंत करते. दोन खबरदाऱ्या मात्र आवश्यक आहेत. ४० युनिटच्या कुपीला ४० चीच सिरिंज द्यावी. १०० च्या सिरिंजशी गल्लत झाल्यास मात्रा अडीच पटींनी चुकते. आणि न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते. ज्यांच्या घरी फ्रिज नाही, त्यांच्या कुप्या विक्रेत्याकडेच ठेवून एकेक नेण्याची सोय करावी.