खाली सही कुणाची?

रागाच्या पोस्टी मीही खोट्या नावानं टाकल्यात. म्हणून आज एमिल झोलाची गोष्ट.

१३ जानेवारी १८९८. पॅरिसच्या 'लोरोर' दैनिकात या कादंबरीकाराचं राष्ट्राध्यक्ष फेलिक्स फोर यांना खुलं पत्र छापून आलं. कॅप्टन ड्रेफस हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा भोगत होता. झोलानं जबाबदार अधिकाऱ्यांची थेट नावं घेतली. वर म्हणाला, भरा माझ्यावर खटला! का? तर सगळं उघड्या कोर्टात यावं म्हणून.

त्याला एक वर्षाचा तुरुंगवास ठोठावला. तो इंग्लंडला निघून गेला. ड्रेफस १९०६ मध्ये निर्दोष ठरला. ते बघायला झोला नव्हता; १९०२ मध्येच वारला होता.

टीका कुणीही करतं हो. खाली सही कोण करतं, ते बघा. माझं ते अकाउंट मी काल बंद केलं.