आठवी थप्पी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीचा निरोप आला, ‘काका, संक्रांतीच्या वाणाच्या पाट्या कशा केल्या ते पाच मिनिटांत सांगा.’ सगळी नोकरी बँकेत झाली, तेव्हा हिशेबापासूनच सुरुवात करतो.

आपल्या नेरूळच्या या सोसायटीत घरं 48. तुळशीवृंदावनाच्या आकाराची, किल्ल्या अडकवायची एक पाटी स्क्रोल सॉवर कापायला मला अर्धा तास लागतो. म्हणजे 48 पाट्यांना 24 तास. माझ्या कंबरेला हे मंजूर नाही. यावर उपाय थप्पीचा. बँकेत 100 नोटांचं पॅकेट आणि 10 पॅकेटांचं बंडल असतं, तसे 3 मिलिमीटर प्लायचे सहा तुकडे एकावर एक रचायचे आणि एकदाच कापायचे. थप्पीला तासभर लागतो. आठ थप्प्या, आठ तास.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नाही त्यांनी शिलाई मशीन आठवावं. सुईसारखं बारीक दातेरी पातं जागच्या जागी वरखाली होतं, लाकूड आपण हातांनी फिरवायचं.

तुकडे सरकू नयेत म्हणून कडांना टेप गुंडाळतो आणि कोपऱ्यांत बारीक चुका ठोकतो. (सुतार छोट्या खिळ्यांना चुका म्हणतात, बँकेतल्या चुका वेगळ्या!) पूर्वी आम्ही नोटांच्या पॅकेटला स्टेपल मारायचो, चांगल्या नोटांना भोकं पडायची. 2001 मध्ये रिझर्व्ह बँकेने ते बंद करायला लावलं. इथे भोकं पडतात ती कापून टाकायच्या भागाला. आतली नक्षी आधी कापायची : ड्रिलने भोक पाडून त्यातून पातं ओवायचं. बाहेरची कड सर्वांत शेवटी. ती आधी कापली तर थप्पी सुटते आणि धरायला काही उरत नाही.

खरी परीक्षा तळाच्या पाटीची असते. टेबल पात्याशी काटकोनात नसेल तर वरची पाटी एका मापाची आणि सहावी दुसऱ्याच. म्हणून आधी गुण्या लावून बघतो. लाकूड रेटायचं नाही, नाहीतर पातं वाकून नक्षी तिरकी उतरते. खालच्या बाजूला कुसं निघतात, ती पाटीला लागू नयेत म्हणून तळाशी रद्दी हार्डबोर्डचा तुकडा ठेवतो. ही युक्ती काही माझी नाही. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये आंद्रे शार्ल बूल नावाचे कारागीर पितळेचा पत्रा आणि कासवाचं कवच एकत्र ठेवून कापत असत.

आता आठव्या थप्पीबद्दल. हळदीकुंकवाची पहिली यादी आली तेव्हा तिच्यात 42 नावं होती. म्हणजे सातच थप्प्या. राहिलेल्या सहा घरांतल्या बायकांचे नवरे आज नाहीत. त्यातल्या दोघी तर पहिल्या दिवसापासून इथे राहतात. आमच्या सौ.नी यादी वाचली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, “अहो, आठवी थप्पी लावा. बाकीचं मी बघते.”

त्या स्वतः सहाही घरी आमंत्रण द्यायला गेल्या. हे सगळ्यांना पटलं असं नाही. दोघी-तिघी कार्यक्रमाला आल्या नाहीत, त्यांच्या पाट्या दुसऱ्या दिवशी घरपोच केल्या. त्या सहांपैकी पाच जणी आल्या. चौघींनी हळदीकुंकू लावून घेतलं. पाचवी म्हणाली, “वहिनी, कुंकू नको, तिळगूळ आणि पाटी द्या.” तसं दिलं. सहावीच्या दाराला आम्ही दोघं जाऊन आलो. तिने पाटी घेतली, चहा केला आणि त्यांच्या स्कूटरची जुनी किल्ली शोधून पहिल्या खुंटीला अडकवली. स्कूटर कधीच विकली गेली आहे.

या पाट्या तुम्ही घरात पाहताच. कुठली थप्पीतली पहिली आणि कुठली सहावी, ते मलाही आता सांगता येत नाही. आमच्या घरातली मात्र आठव्या थप्पीतली आहे, एवढं नक्की, कारण ती सौ.नी स्वतः उचलली.

मशीन आमच्या बाल्कनीत आहे. दुपारची वामकुक्षी सोडून, चार ते सहा या वेळात कोणीही शिकायला यावं. मुलांनी मोठ्या माणसाला सोबत आणावं. गॉगल आणि मास्क मी देईन, भुसा मात्र ज्याचा त्याने झाडायचा.